टार्पचे तणावे: पॅराकॉर्ड, पॉलिएस्टर की डायनीमा?

टार्प, म्हणजे तंबूऐवजी डोक्यावर ताणायचं पाणी अडवणारं कापड, घेताना त्या कापडावर आपण महिनाभर खल करतो आणि दोरी मात्र दुकानातून निघता निघता उचलतो. मीही तेच केलं होतं. परतीच्या पावसात हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या बाजूला मुक्काम होता. संध्याकाळी टार्प असा ताणला होता की टिचकी मारली तर डफासारखा वाजावा. पहाटे दोनला जाग आली ती पायांवर गार पाणी सांडलं म्हणून. दोरी शाबूत, गाठी शाबूत, मेखाही जागच्या जागी. दोरीचा नायलॉन भिजून लांबला होता, कापडाला मधोमध झोळ पडला होता आणि त्यात बादलीभर पाणी साठलं होतं.

तंबूच्या ताणदोरीला मराठीत ‘तणावा’ हा जुना शब्द आहे. ताण धरणं हे त्याचं काम, आणि दोरी निवडताना तेच आधी बघायला हवं. आपण मात्र पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती किलो पेलते?’ म्हणून तो आधी निकालात काढू. ३ बाय ३ मीटरच्या टार्पवर ताशी ५० किलोमीटरचा वारा अगदी थेट समोरून आदळला, तर एकूण जोर साधारण १०० किलो वजनाइतका होतो. तो सहा-आठ दोऱ्यांत वाटला जातो. वाटणी सारखी नसते, झोत एखाद्याच कोपऱ्याला धरतो, शिवाय गाठ मारली की दोरीची ताकद बरीच घटते. हे सगळं धरूनही २ मिलिमीटरची चांगली विणीची दोरी पुरते. पावसाने मऊ झालेल्या मातीतली मेख त्याच्या कितीतरी आधी उपटते.

आता वजन. माझ्या टार्पला आढ्याची, म्हणजे मधोमध वरून जाणारी दोरी ८ मीटर, चार कोपऱ्यांना अडीच-अडीच मीटर आणि दोन बाजूंच्या मध्यावर दोन-दोन मीटर, म्हणजे एकूण २२ मीटर लागते. ४ मिलिमीटरच्या पॅराकॉर्डमध्ये, म्हणजे नायलॉनच्या दोरीत, हे जवळजवळ दीडशे ग्रॅम होतं. २ मिलिमीटरच्या पॉलिएस्टरमध्ये साठेक ग्रॅम. सव्वा मिलिमीटरच्या डायनीमात, म्हणजे अतिशय हलक्या आणि मजबूत धाग्याच्या दोरीत, वीस-पंचवीस. पॅराकॉर्डवरून पॉलिएस्टरवर आलात की ८०-९० ग्रॅम वाचतात, सॅकमध्ये जागाही निम्म्याहून कमी लागते. तिथून डायनीमावर गेलात तर आणखी पस्तीस-चाळीस. पहिली बचत फुकट पदरात पडते. दुसरीची किंमत मोजावी लागते, पैशांत आणि बोटांनीही.

पॅराकॉर्ड मुळात हवाई छत्रीची दोरी. नावातला ५५० हा आकडा पौंडांचा, म्हणजे सुमारे २५० किलो. वर विणलेलं आवरण, आत सुट्या दोऱ्यांचा गाभा, सगळं नायलॉनचं. हातात भरते, गाठ घट्ट बसते आणि सहज सुटते, गाभ्यातले दोरे काढून शिवणकामही करता येतं. सॅकमध्ये ५ मीटर पॅराकॉर्ड मी आजही ठेवतो. पण तणाव्यासाठी नाही. नायलॉन पाणी पितो, आणि प्यायला की ढिला पडतो. कोरड्या हवेतही तो ताणाखाली बराच लांबतो. त्यात तुमचा टार्प सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा असेल तर कापडही भिजून सैलावतं, म्हणजे दोन्हीकडून झोळ. गाडीने जाऊन तळ्याकाठी एक रात्र काढायची असेल तर चालून जाईल. उठून दोरी ओढायची तयारी असली की झालं.

पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही. भिजला तरी लांबी फारशी बदलत नाही आणि उन्हालाही नायलॉनपेक्षा चांगला टिकतो. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पठारावर जे ऊन असतं, ते पाहता ही गोष्ट लहान नाही. २ मिलिमीटर जाडीला ताणगाठ नीट धरते, सरकवली की सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. ओल्या, गारठलेल्या बोटांनाही ती सापडते. हरिश्चंद्रगडावर त्याच जागी पुढच्या वर्षी पॉलिएस्टरचे तणावे लावले होते. रात्रभर पाऊस होता. सकाळी उठून बघितलं तर फक्त एका कोपऱ्याला बोटभर ढील आली होती, तीही मेख वाकल्यामुळे.

डायनीमाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हल्ली हलक्या सामानाची चर्चा निघाली की हेच नाव पुढे येतं. हा पॉलिथिलिनचाच प्रकार, पण त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या एका दिशेने ओढून सरळ केलेल्या असतात. त्यामुळे वजनाच्या मानाने ताकद अफाट. पाण्यावर तरंगतो, पाणी अजिबात पीत नाही, लांबत तर जवळजवळ नाहीच. कागदावर याच्यापुढे बाकी सगळे फिके.

अडचणी हात लावला की कळतात. पहिली म्हणजे तो निसरडा आहे. पॉलिएस्टरवर चालणारी ताणगाठ इथे हळूहळू घसरते, जास्तीचे वेढे घ्यावे लागतात. टार्पवर दोरी धरून ताण कमी-जास्त करणारे प्लॅस्टिकचे ताण-पकडे असतील तर ते इतक्या बारीक दोरीसाठीच बनवलेले आहेत का, ते बघून घ्या. ३ मिलिमीटरच्या पकडीतून सव्वा मिलिमीटरची दोरी सरळ निसटते. दुसरी अडचण याच्या उलट. ताण आल्यावर आवळलेली बारीक गाठ सुटता सुटत नाही. सकाळी धुक्यात, थंडीत, नखाने ती गाठ उकरत बसणं काय असतं ते एकदा अनुभवा, वाचलेल्या चाळीस ग्रॅमांचा हिशोब डोक्यात पुन्हा सुरू होतो. तिसरी अडचण, ही दोरी लवचिक नाही म्हणून वाऱ्याचा प्रत्येक झटका थेट टार्पच्या शिवणीवर आणि मेखेवर जातो. आढ्याला हा गुण उत्तम, कारण तिथे झोळ नकोच असतो. कोपऱ्यांना मात्र वीतभर इलॅस्टिकचा फासा मध्ये घालावा लागतो.

आणि चौथी, जी सह्याद्रीत सगळ्यांत महत्त्वाची. मऊ, खोल मातीत मेख ठोकली की दोरी हवेतच राहते, कशाला घासत नाही. आपल्या सड्यांवर चार बोटं माती आणि खाली काळा कातळ. मेख जात नाही. मग दोरी धोंड्याभोवती वेढायची, कातळाच्या खाचेत अडकवायची, कारवीच्या खोडाला बांधायची. कड्याजवळ वारा खालून वर येतो, टार्प रात्रभर उचलला जातो आणि दोरी दगडाच्या धारेवर मागेपुढे काचत राहते. डायनीमाचा धागा घासण्याला चिवट आहे, पण सव्वा मिलिमीटर जाडीत झिजायला असतंच किती? जाड विणीची दोरी केसाळ होऊन आधी इशारा देते. धोंड्याभोवती वेढायचा भाग म्हणून मी वेगळा ठेवतो: पाऊण मीटरचे जाड दोरीचे चार फासे. जुनी पॅराकॉर्ड इथे कामी आली. झिजला की फासा बदलायचा, तणावा तसाच राहतो.

बाहेर पॉलिएस्टरचं आवरण आणि आत डायनीमाचा गाभा अशीही दोरी मिळते. गाठ धरते, लांबत नाही, वजनही कमी. पैसे खर्च करायचेच असतील तर उघड्या डायनीमापेक्षा इथे करा. कोकणातल्या बंदरांवर जाळ्यांची दोरी स्वस्तात मिळते, तीही पाणी पीत नाही, पण ताठ आणि निसरडी असते, गुंडाळीचा पीळ सोडत नाही. सुती दोरी आणि सुतळीच्या वाटेला जाऊ नका. भिजल्यावर फुगतात, आखडतात आणि कुजतात.

तेव्हा सह्याद्रीत पावसाळ्यात आणि हिवाळ्यात फिरणाऱ्याने २ मिलिमीटर पॉलिएस्टर घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. आढ्यापुरती गाभ्यात डायनीमा असलेली चालेल. सलग आठ-दहा दिवस हिमालयात स्वतःचं ओझं वाहणार असाल, प्रत्येक गोष्टीतून तीस-चाळीस ग्रॅम काढत आला असाल आणि गाठींचा सराव असेल, तर बारीक डायनीमा खुशाल घ्या. नवशिक्याच्या हातात ती देऊ नका.

रंग पिवळा किंवा केशरी घ्या, विणीत चमकणारा धागा असलेला. हिरवी दोरी सप्टेंबरच्या गवतात दिवसाढवळ्याही दिसत नाही, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस तिच्यात पाय अडकून पडला तर पुढे कडा असू शकतो. कातळावर धोंडा नेमका जवळ सापडेलच असं नाही, म्हणून कोपऱ्यांचे तणावे अडीच मीटरपेक्षा आखूड कापू नका. कापल्यावर पॉलिएस्टरचं टोक लायटरवर क्षणभर धरा, वितळून मणी होतो. डायनीमा त्याच आचेवर पटकन मागे आकसतो, त्याला धारदार पातं वापरून टोकाला छोटी गाठ मारा. नवी दोरी घेऊन थेट गडावर जाऊ नका. गच्चीवर बांधा, दोन बादल्या पाणी ओता आणि तासाभराने ताण बघा.