गिटारचा बेस करून घेतला, स्वस्तात
गणेशोत्सवात मंडळाच्या ऑर्केस्ट्राला बेस, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, पाहिजे होता की, आणि नवीन घ्यायला पैसे कुणाकडं! मग जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन शहापुरातल्या एका रिपेरीवाल्या मामांकडं गेलो. मी म्हटलं बेसच्याच तारा घाला, तर मामा हसले, म्हणाले अरे त्या तार गुंडाळायच्या चावीच्या भोकात शिरायच्या नाहीत, आणि गिटारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, बेसची ३४, तार ढिली पडून नुसती फडफडणार. त्यापेक्षा १४-६८ चा (ही तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) बॅरिटोन सेट, म्हणजे गिटारच्याच पण जाड तारा, घाल, सगळ्यात जाड तार ई सुरावरून खालच्या बी ला उतरव.

मामांनी नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचा कानशीनं रुंद केल्या, ट्रस रॉड (गळ्यातली सळई) थोडा फिरवला, इंटोनेशन लावलं, म्हणजे गळ्यावर सगळीकडं सूर बरोबर येतील असं केलं. मजुरी ३०० रुपये, तारा वेगळ्या. काम एकदम साफ, पण दोन दिवस म्हणून आठ दिवस लावले, रोज आपलं उद्या या.

आवाज? भारी आहे, पण खरा बेस नव्हं बघा. बेसची खालची ई ४१ हर्ट्झ, आपली बी ६२ च्या आसपास. टोन नॉब कमी करून नेक पिकअपवर (तारेचा आवाज पकडणारा, गळ्याजवळचा भाग) वाजवलं की गणपतीपुढं कुणाला फरक कळत नाही. एकच, खाचा रुंद झाल्यात, आता परत बारीक तारा घालायच्या तर नट बदलायला लागणार, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.