आठ महिने रात्रीची डिलिव्हरी, बाबांची ॲक्टिव्हा आणि विम्याचा धडा

जून २०२४ ते जानेवारी २०२५ असे आठ महिने ऑफिस सुटल्यावर फूड डिलिव्हरी केली. संध्याकाळी साडेसात ते अकरा, आठवड्यातले पाच दिवस, एरिया पुण्यातला सिंहगड रोड, वडगाव, धायरी. गाडी बाबांची, मार्च २०२१ ची ॲक्टिव्हा. 'पार्टटाइम किती सुटतात?' हे मला ऑफिसात निदान दहा जणांनी विचारलं असेल, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

जमा आधी. १६५ संध्याकाळी काम केलं, सरासरी ४८० रुपये, म्हणजे ७९,२०० रुपये. टिप आणि इन्सेंटिव्ह धरून. हा आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात.

आता खर्च. रोजचं रनिंग साधारण ४२ किलोमीटर. ॲप पैसे देतं ते मुख्यतः ऑर्डरच्या अंतराचे. धायरीच्या आतल्या गल्लीत पार्सल दिल्यावर मेन रोडपर्यंत रिकामं परत यायचं, ते आपल्या पेट्रोलने. थांबत-पळत चालवल्यामुळे ॲव्हरेज ४० च्या वर गेलंच नाही. १०४ रुपये लिटरने पेट्रोल झालं १८,०००. सर्व्हिसिंग आणि ऑइल ४,२००, मागचा टायर १,४५०, ब्रेक शू ३५०, बेल्ट आणि रोलर १,६००, पंक्चर ६००. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे दोन रुपये साठ पैसे, आणि वर मेंटेनन्सचा सव्वा रुपयाच्या आतबाहेर. हा सव्वा रुपया कोणीच धरत नाही, कारण तो रोज खिशातून जात नाही. तो एकदम गॅरेजमध्ये जातो. बॅग, टी-शर्ट, मोबाइल होल्डर, रेनकोट मिळून १,६०० आणखी.

तरीही बरं चाललं होतं. मग ऑगस्ट आला.

उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता आधीच अरुंद, त्यात पाऊस. रात्री दहाच्या सुमाराला आनंदनगरपाशी पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला, मी मारला, गाडी आडवी. मला कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. पुढचं पॅनल, हेडलाइटचं कव्हर, आरसा गेला आणि हँडल वाकडं. बॅगेतल्या बिर्याणीसोबतचा रायता फूटबोर्डवर सांडला. तो मी घरी आल्यावर पुसला, पण पॅनलच्या फटीत गेलेला तसाच वाळला. हे नंतर महत्त्वाचं ठरलं.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, गाडी घेतानाच पाच वर्षांचा काढलेला, आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा, दरवर्षी भरलेला. त्यामुळे मी निर्धास्त. क्लेम फॉर्ममध्ये एक रकाना असतो: अपघाताच्या वेळी वाहन कोणत्या कामासाठी वापरात होतं. एजंट म्हणाला, "लिहा, दूध आणायला गेलो होतो." रात्री दहाला, चार किलोमीटरवर, दूध! विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला गॅरेजमध्ये आला, फोटो काढता काढता फटीतला तो पांढरा थर बघून म्हणाला, "डिलिव्हरी करता का?" मी हो म्हणालो, आणि फॉर्मवरही तेच लिहिलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, क्लेम नामंजूर.

पॉलिसी तेव्हा पहिल्यांदा वाचली. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, आणि स्वतःचं सामान किंवा नमुने सोडून मालवाहतूक, हे त्यात वगळलेलं असतं. कंपनीवर रागावण्यासारखं काही नव्हतं. साडेतीन वर्षं तो कागद कपाटात होता.

गंमत म्हणजे क्लेम मंजूर झाला असता तरी फार मिळालं नसतं. बिल ६,००० चं. त्यात प्लास्टिक ३,६००, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. धातूचे भाग १,५००, गाडी तीन वर्षांवरची म्हणून २५ टक्के. मजुरी ९०० पूर्ण. वरून दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे १०० रुपये वजा. हातात येते ३,७२५. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असतं तर जास्त आले असते, पण मूळ अट मोडल्यावर झिरो डेपही कामाचं नाही. नामंजूर झाल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट, तेवढा शाबूत राहिला, यात समाधान मानायचं.

खरी झोप उडाली ती पुढच्या विचाराने. मी पडलो त्याऐवजी कोणाला तरी उडवलं असतं तर? अशा प्रकरणांत न्यायाधिकरण कधी कधी विमा कंपनीला सांगतं की जखमीला आधी भरपाई द्या आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करा. मालक कोण? आरसीवर नाव बाबांचं. रिटायर्ड माणसाचा फंड माझ्या बिर्याणीच्या फेऱ्यांवर टांगलेला. शिवाय त्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा लायसन्स असलेल्या मालक-चालकाचा असतो. मी चालवत असताना मला काही झालं तर तो लागू नाही. ॲपकडून ऑर्डरवर असताना अपघात विमा होता, तो माझ्या हाडांसाठी. गाडीसाठी आणि समोरच्यासाठी शून्य.

दुरुस्तीचे ६,००० धरून एकूण खर्च ३३,८०० झाला. उरले ४५,४००, दर संध्याकाळी २७५, तासाला ७९ रुपये. गाडीची पडलेली रीसेल किंमत यात धरलेली नाही. सोसायट्यांच्या 'डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी' या पाट्यांचाही हिशेब नाही, पण तो वेगळा विषय.

बाबांना नामंजुरीचं पत्र दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "हे तू आधी का नाही वाचलंस?" मग म्हणाले, "मीही नव्हतं वाचलं."

मार्चमध्ये ओडीचं नूतनीकरण आहे. दोन एजंटांनी हात वर केले, म्हणून थेट कंपनीला ईमेल केला आहे: वापर फूड डिलिव्हरी असा लिहून पॉलिसी देता का, हप्ता किती, ते लेखी कळवा. फोनवरचं 'हो हो, चालतं' मला नको. उत्तर येईपर्यंत ॲप बंद, बॅग माळ्यावर, आणि ॲक्टिव्हा फक्त मंडईत जाते.