बाहेरचा पैसा आणि गावाचे गायरान: मराठवाड्यातील संस्थांसाठी पर्यावरण निधीचा तुलनात्मक आढावा

मराठवाड्यातील एखादी पाणलोट समिती किंवा नोंदणीकृत संस्था माती, पाणी आणि झाडोरा यांच्या संवर्धनासाठी आंतरराष्ट्रीय निधीचा विचार करू लागली, की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न बहुधा रकमेचा निघतो. रक्कम महत्त्वाची आहेच. परंतु आपल्याकडे पर्यावरणाचे जे काम सर्वांत जास्त रखडले आहे, ते गायरानावर, ओढ्याकाठी आणि बालाघाट डोंगररांगेच्या उघड्या माथ्यांवर आहे. म्हणजे ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाही शेतकऱ्याचे नाव नाही, तिथे. म्हणून पुढील प्रत्येक पर्यायाची पारख दोन प्रश्नांवर केली आहे: हा पैसा त्या सामाईक जमिनीपर्यंत पोचतो का, आणि पोचलाच तर झालेले काम मागे टिकते का?

सर्वांत मोठा आणि गावोगावी परिचित असलेला पैसा जागतिक बँकेचा आहे. २०१८ मध्ये बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच पोकरा, उभा राहिला. सुमारे चार हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा बँकेचा आणि ३० टक्के राज्य शासनाचा होता, आणि पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांमध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. हे अनुदान नसून कर्ज आहे आणि ते राज्याच्या तिजोरीतून फेडले जाणार आहे, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. या प्रकल्पाची जमेची बाजू मोठी आहे. मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने गावनिहाय जलताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली आणि आपल्या शिवारात किती पाऊस पडतो, किती मुरतो आणि किती उपसला जातो, हे गावाला आकड्यांत पाहता आले. पण प्रकल्पाची ओळख झाली ती ठिबक, शेततळे, फळबाग, शेडनेट, तुती लागवड अशा वैयक्तिक लाभाच्या घटकांमुळे, ज्यांचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते. मृद व जलसंधारणाची सामूहिक कामे आराखड्यात असली, तरी त्यांचा पाठपुरावा करणारा माणूस गावात सहसा नसतो, कारण ठिबकाच्या अनुदानासाठी अर्जदार असतो आणि ओढ्यासाठी कोणी नसतो. ज्याच्याकडे जमीन आहे, विहीर आहे आणि आधी खर्च करण्याची ऐपत आहे, त्याला या पद्धतीचा फायदा लवकर होतो. भूमिहीन कुटुंबाला तो क्वचितच होतो. संस्थेने येथे निधीची अपेक्षा न ठेवता ग्रामस्तरीय समितीत बसून सामूहिक कामांचा आग्रह धरावा, हे अधिक उपयोगाचे आहे.

दुसरा मार्ग जर्मन सहकार्याचा आहे आणि त्याच्याकडे मी अधिक बारकाईने पाहतो, कारण माथ्यावरच्या जमिनीला हात घालणारी सर्वांत शिस्तबद्ध पद्धत महाराष्ट्रात याच मार्गाने रुजली. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात जर्मनीची विकास बँक केएफडब्ल्यू अनुदान देत असे, ते नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत येत असे आणि गावाची पाणलोट समिती व स्वयंसेवी संस्था मिळून काम करीत असत. पैसा सुरू होण्याआधी गावाला श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारावी लागे, आणि लहान क्षेत्रावर काम करून दाखवल्यानंतरच पूर्ण पाणलोटाला मंजुरी मिळे. नियोजन जमिनीच्या गट नंबरानुसार, शेतकऱ्याला त्याच्या बांधावर उभे करून होई आणि काम माथा ते पायथा या क्रमाने चाले. जालना जिल्ह्यातील कडवंची हे याचे जवळचे उदाहरण. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकात तेथे पाणलोटाचे काम सुरू झाले आणि आज ते गाव द्राक्षे आणि शेततळी यांसाठी ओळखले जाते. हे यश खरे आहे. मात्र पाणी वाढले की पीकपद्धतीही बदलते, आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरू लागली की सर्वांनी मिळून जमिनीत मुरवलेले पाणी पुन्हा काही जणांच्या मालकीचे होते. म्हणून हा मार्ग निवडणाऱ्या गावाने पाणीवापराचे नियम पाणी येण्याआधीच ठरवावेत. महाराष्ट्रातील तो मूळ कार्यक्रम संपला असला, तरी त्याची रीत नाबार्डच्या पाणलोट विकास निधीत पुढे चालू राहिली. वेळ मात्र हाताशी हवा, कारण तयारीपासून शेवटच्या बांधापर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात.

लहान संस्थेसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमामार्फत चालणारा जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम विचारात घेण्यासारखा आहे. तो १९९२ पासून सुरू आहे आणि एका प्रकल्पाची कमाल मर्यादा दीर्घकाळ ५०,००० डॉलर, म्हणजे आजच्या दराने सुमारे ४० लाख रुपये किंवा थोडी अधिक राहिली. देवराई, गवताळ माळ, स्थानिक बियाणे, परागीभवन करणारे कीटक अशा विषयांना, ज्यांना सरकारी योजनेत रकानाच नसतो, येथे जागा मिळू शकते. प्रत्येक टप्प्यात ठराविक भूप्रदेश निवडले जात असल्याने आपला जिल्हा त्यात बसतो का, हे आधी तपासावे लागते.

परदेशी प्रतिष्ठानांकडून थेट देणगी घेणे हा पर्याय कागदावर सर्वांत मोकळा दिसतो, पण लहान संस्थेसाठी तोच सर्वांत अवघड आहे. विदेशी अंशदान विनियमन कायद्यानुसार नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. नव्या संस्थेला विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक झाले. त्याहून दूरगामी तरतूद अशी, की आलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पुण्या-मुंबईची मोठी संस्था देणगी आणत असे आणि बीड किंवा हिंगोलीच्या छोट्या संस्थेला तिचा वाटा देत असे, ही वाट त्यामुळे बंद झाली, आणि त्याची झळ मराठवाड्यासारख्या प्रदेशाला अधिक बसली असे माझे मत आहे. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांना मात्र हा कायदा विदेशी स्रोत मानत नाही, आणि लघु अनुदानाला थेट देणगीपेक्षा आधी पसंती देण्याचे हे एक ठोस कारण आहे.

हवामान बदलाशी संबंधित कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीविषयी थोडक्यात सांगता येईल. २०१० च्या कानकुन परिषदेत स्थापन झालेल्या या निधीकडे मान्यताप्राप्त संस्थाच अर्ज करू शकतात. नाबार्डला ही मान्यता २०१५ मध्ये मिळाली. गावपातळीवरील संस्थेने त्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव लिहिण्यात श्रम घालवू नयेत.

माझी शिफारस अशी. संस्थेचे हिशेब तीन वर्षांचे नसतील किंवा काम एका माळापुरते असेल, तर लघु अनुदानापासून सुरुवात करावी. गाव चराईबंदीला मनापासून तयार असेल आणि संपूर्ण पाणलोट हाती घ्यायचा असेल, तर नाबार्डचा मार्ग धरावा. मात्र हा मनापासूनचा होकार कोणाचा, याची खातरजमा केल्याशिवाय अर्ज करू नये. मराठवाड्यातील गायरान ही ओसाड पडलेली जागा नाही. पुष्कळ ठिकाणी भूमिहीन दलित कुटुंबे ते अनेक वर्षांपासून कसत आहेत, त्यांतील काहींचे हक्क, अशी अतिक्रमणे नियमित करण्यासाठी शासनाने ठरवलेल्या १४ एप्रिल १९९० या तारखेपूर्वीच्या ताब्याच्या पुराव्यावर अवलंबून आहेत, आणि धनगर कुटुंबांच्या शेळ्या-मेंढ्यांना चरण्यासाठी दुसरी जागा नाही. ग्रामसभेत बहुमताने झालेल्या चराईबंदीचा भार ज्यांच्यावर पडणार, ते त्या सभेत अनेकदा बोलतही नाहीत. म्हणून प्रस्तावाच्या नकाशावर गायरानाचा गट नंबर घालण्यापूर्वी त्या कुटुंबांच्या वस्तीवर जाऊन स्वतंत्र बैठक घ्यावी, चराईसाठी आळीपाळीने खुले राहणारे पट्टे त्यांच्याकडूनच आखून घ्यावेत, चाऱ्याचा आणि मजुरीचा पहिला वाटा त्यांना मिळेल असे करारात लिहावे, आणि त्यांनी नकार दिल्यास तो गट प्रस्तावातून वगळावा.