फ्युएल पंप बदलायचा आहे : घरी, ओळखीच्या गॅरेजमध्ये की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये?

वॉरंटी संपलेल्या पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप (टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप) गेला की गोव्यातल्या फोंडा, डिचोली किंवा वाळपईच्या गाडीमालकापुढे तीन वाटा असतात. पार्ट आणून अंगणात स्वतः बसवायचा, ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी न्यायची किंवा ती ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पोहोचवायची. या तिन्हींची तुलना बहुधा लेबरच्या पैशांवरून केली जाते. माझ्या मते निर्णय ठरतो तो दोनच गोष्टींवर : पंप खरोखरच बिघडला आहे हे कोणी आणि कसे तपासले, आणि त्या मॉडेलमध्ये पंपापर्यंत हात कोठून पोहोचतो.

तपासणीच्या बाबतीत घर मागे नाही, हे आधीच सांगायला हवे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ऑनवर फिरवताच मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती ऐकू आली नाही म्हणून पंप गेला असे होत नाही. आधी फ्यूज, मग रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि त्यानंतर पंपाच्या कनेक्टरवर, कोणाला तरी सेल्फ मारायला लावून, मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. नवा फ्यूज लावताच उडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा जाम झालेल्या मोटरमध्ये असतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि अर्थिंगची वायर बॉडीला जोडलेल्या जागी गंज धरतो. अशा गाडीला नवा पंप बसवला तरी ती सुरू होत नाही. गाडी सुरू होते पण चोर्ला घाटात भरल्या गाडीने चढताना दम तोडते, अशी तक्रार असेल तर मात्र घरच्या तपासणीची मर्यादा येते. तेथे प्रेशर गेज लावावे लागते. साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या मार्गात फवारणाऱ्या) गाड्यांत दाब साधारण 3 ते 4 बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. मेस्त्रीकडे गेज आहे की नाही, हा त्याची निवड करण्याचा चांगला निकष आहे. गेज न लावता केवळ आवाजावरून पंप बदला म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

आता पंपाची जागा. काही मॉडेलमध्ये मागच्या सीटची गादी उचलली की पत्र्याचे छोटे झाकण दिसते आणि त्याखाली पंपाचे तोंड असते. अशा गाडीत काम सावकाश पण आवाक्यातले आहे : कनेक्टर सोडणे, पाइपांच्या प्लास्टिक क्लिपा जपून काढणे, लॉक रिंग (पंप टाकीच्या तोंडाशी धरून ठेवणारे कडे) फिरवणे, इंधनकाट्याचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) न वाकवता संपूर्ण असेंब्ली (पंपाचा पूर्ण संच) तिरकी करून बाहेर घेणे आणि नवी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) घालून नवी असेंब्ली खुणेला खूण जुळवून बसवणे. जुनी ओ-रिंग पेट्रोलने फुगलेली असते, ती पुन्हा वापरण्यात शहाणपणा नाही. लॉक रिंग अडली तर लोखंडी छिन्नीने ठोकू नये, ठिणगीचा धोका असतो. लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा वापरावा. ज्या मॉडेलमध्ये असे झाकण नाही तेथे टाकीच खाली उतरवावी लागते, आणि मग घरचा पर्याय माझ्या हिशेबी बाद होतो. अर्धी भरलेली टाकी गाडीच्या जॅकवर तोलत तिच्याखाली झोपणे हे बचतीच्या कोणत्याही आकड्याने समर्थनीय ठरत नाही.

झाकणवाल्या गाडीतही खरा प्रश्न वाफेचा आहे. पेट्रोल सुमारे उणे 40 अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. गोव्यातल्या घराच्या अंगणात संध्याकाळी तुळशी वृंदावनापुढे पणती लागते, पलीकडच्या पडवीत फ्रिज आपोआप चालू-बंद होत असतो. हे दोन्ही ठिणगीचे स्रोत आहेत आणि वाफ त्यांच्यापर्यंत सरपटत जाऊ शकते. म्हणून हे काम सकाळी, उघड्यावर आणि कोरड्या दिवशीच करावे. पावसाळ्यात बंद शेडमध्ये करण्यापेक्षा गाडी चार दिवस उभी राहिलेली बरी. टाकी उघडण्याच्या आधीच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, ही दाब उतरवण्याची नेहमीची पद्धत पंपच मेला असेल तर उपयोगाची नाही. अशा वेळी जोडावर जाड कापड गुंडाळून तो हळूहळू सैल करावा.

टाकीत पेट्रोल किती आहे यावरही बरेच ठरते. पाव टाकीच्या आत असेल तर उत्तम. पूर्ण भरलेली टाकी उपसून घरी ठेवता येत नाही : विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच बाळगता येते आणि सध्याच्या स्विफ्टचीच टाकी 37 लिटरची आहे. मिनरल वॉटरच्या बाटल्यांत तर ते मुळीच भरू नये.

गॅरेजचा फायदा रॅम्प, हत्यारे आणि सराव हा आहे, आणि टाकी उतरवायची असेल तर बहुतेकांसाठी तोच योग्य पर्याय ठरतो. येथे आधी ठरवून घ्यायची गोष्ट म्हणजे केवळ मोटर बदलणार की पूर्ण असेंब्ली. मोटर बरीच स्वस्त पडते, परंतु गाळणी, फ्लोट आणि प्रेशर रेग्युलेटर जुनेच राहतात. दहा वर्षांच्या गाडीत टाकी दोनदा उतरवण्यापेक्षा एकदाच पूर्ण असेंब्ली घेणे मला अधिक हिशेबाचे वाटते. म्हापसा आणि मडगावच्या स्पेअरपार्टच्या दुकानांतून पार्ट स्वतः घेतल्यास पक्के बिल घ्यावे आणि तो ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालणारा आहे का, हे विचारावे, कारण एप्रिल 2023 पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात मात्र कोणाच्याही भरवशावर राहू नये, मेस्त्री गावी असतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये खर्च सर्वांत जास्त येतो आणि तेथे सहसा पूर्ण असेंब्लीच बदलतात. बदल्यात छापील बिल आणि पार्टवरची वॉरंटी मिळते. गाडीची वॉरंटी चालू असेल तर दुसरा विचारच करू नये. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल आणि कॉमन रेल डिझेल गाड्यांत टाकीतल्या पंपाखेरीज इंजिनावर उच्च दाबाचा वेगळा पंप असतो. तेथला दाब शेकडो बार, डिझेलमध्ये हजाराच्याही पुढे जातो आणि त्याची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. अशा गाडीचे काम घरी तर नाहीच, पण नाक्यावरच्या गॅरेजमध्येही देऊ नये.

काम कोणीही केले तरी सीट बसवण्यापूर्वी एक तपासणी समोर उभे राहून करून घ्यावी. सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब भरू द्यावा आणि टॉर्चने पाइपांचे जोड न्याहाळावेत. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा पाहावे, आणि नंतर पहिल्यांदा टाकी पूर्ण भरली की झाकण उघडून ओ-रिंगची कड कोरडी आहे याची खात्री करावी, कारण ओ-रिंग नीट बसली नसेल तर गळती पेट्रोल त्या उंचीला पोहोचल्यावरच दिसते.