हँडीकॅमच्या कॅसेटी डीव्हीडीवर: फायरवायर की यूएसबी डाँगल?

ताईच्या लग्नाच्या चार मिनीडीव्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन आईसाठी डीव्हीडी करायच्या, हे काम मी तीन वर्षं पुढे ढकललं आणि मग दोनदा केलं. आईला पेनड्राइव्हचं वावडं आहे. तिला चकती सरकवायची, प्ले दाबायचं आणि बघत बसायचं. (डीव्हीडीलाही ती ‘सीडी’च म्हणते.)

आधी यूएसबी डाँगल घेतला, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र-आवाज यूएसबीतून कॉम्प्युटरवर घेणारी छोटी डबी. कारण माझ्या लॅपटॉपला फायरवायर, म्हणजे डिजिटल कॅमेरा थेट जोडायचं जुनं पोर्ट, नाही. आता कुठल्याच लॅपटॉपला नसतं. हँडीकॅमची लाल-पांढरी-पिवळी वायर डाँगलला, डाँगल यूएसबीला, की काम सुरू. शिवाय तो थेट एमपेग-२ फाइल बनवतो, म्हणजे डीव्हीडीला लागते तशीच. माझी तासाभराची कॅसेट तीन जीबीच्या आत बसली. फायरवायरने तीच कॅसेट तेरा जीबी होते, आणि ती डीव्हीडीजोगी करायला जुना डेस्कटॉप रात्रभर घरघरतो. एवढं ऐकून कुणी डाँगलकडे वळला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

चित्रही वाईट नव्हतं. गडद शालूचा रंग थोडा पसरतो, काठाची जर जरा धुरकट दिसते. पण घरातल्या टीव्हीवर दहा फुटांवरून हे आईला दिसणार नाही, मला दिसतं. इथवर मी खूश होतो. पहिली दहा मिनिटं तपासली, आवाज-चित्र जुळत होतं, म्हणून चारही कॅसेटी ओढून डीव्हीडी बर्न केल्या.

आई बघायला बसली. मंगलाष्टकं साधारण चाळिसाव्या मिनिटाला येतात. गुरुजींचा सूर चढतो, सगळ्यांचे हात वर होतात, अक्षता पडतात, अंतरपाट खाली येतो, आणि त्यानंतर, चांगला सेकंदभर उशिराने, ‘सावधान!’ आईने माझ्याकडे पाहिलं. ‘आधी अक्षता नि मग सावधान? असं कसं रे?’

होतं ते असं. डाँगलमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी आत येतात. जुन्या कॅसेटचा सिग्नल जरा डगमगला की डाँगल मधल्या फ्रेम गाळतो, आवाज मात्र अखंड चालत राहतो. पंचवीस फ्रेम गळाल्या की चित्र एका सेकंदाने पुढे. सुरुवातीला कळत नाही, शेवटाकडे अंतर वाढत जातं. एडिटिंगमध्ये आवाज सेकंदभर अलीकडे ओढून पाहिला, तर अक्षता जुळल्या आणि आधीचा सीमांतपूजनाचा भाग बिघडला. दोन रविवार त्यात गेले. हा माझ्याच डाँगलचा दोष असेल, महागड्यात कदाचित होत नसेल; पण तेव्हापासून माझं मन उडालं ते उडालंच.

मग एका मित्राचा अडगळीतला डेस्कटॉप आणला, त्यात फायरवायरचं कार्ड बसवलं आणि कॅमेऱ्यासाठी बारीक चार पिनांच्या टोकाची वायर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली. कॅमेऱ्यावर त्या भोकाशेजारी ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं असतं. माझ्या कॅमेऱ्याला यूएसबीचंही भोक आहे, पण ते फोटोंपुरतं. त्यात एक संध्याकाळ वाया घालवू नका. दोन्ही यंत्रं बंद ठेवूनच वायर लावा, चालू असताना खुपसली तर पोर्ट जळू शकतो.

इथे खरं तर ‘कॅप्चर’ होतच नाही, कॅसेटवरचे डिजिटल आकडे जसेच्या तसे कॉपी होतात. प्रत्येक फ्रेमबरोबर तिचा आवाज बांधलेलाच असतो, त्यामुळे फ्रेम गळाली तर आवाजही तेवढाच गळतो. त्यासाठी मी विन-डीव्ही हे सॉफ्टवेअर वापरतो. छोटंसं, फुकट, दिसायला कळकट. किती फ्रेम गळाल्या ते समोर आकड्यात दिसतं. शिवाय शूटिंगची तारीख-वेळ कॅसेटवरच्या डिजिटल आकड्यांतच असते, त्यामुळे जिथे कॅमेरा थांबला होता तिथे फाइल आपोआप तुटते. हळद, सीमांतपूजन, पंगत असे तुकडे आयते मिळाले. तीच तारीख डाँगलने घ्यायची तर ती चित्रावर कायमची छापून बसते.

कटकटी आहेतच. विंडोज १० वर मला फायरवायरचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर शोधून टाकावा लागला. मॅकवाल्यांनी जुनंच मशीन धरून ठेवावं, २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायर काढून टाकलं. हार्ड डिस्क जुन्या फॅट-३२ फॉरमॅटची असेल तर चार जीबीवर फाइल अडते. आणि डीव्हीडी बनवताना फील्ड ऑर्डर (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचे दोन भाग कुठल्या क्रमाने दाखवायचे ते) ‘बॉटम फर्स्ट’ ठेवा, नाहीतर नाचणाऱ्या वरातीचे हात थरथरतात. एका चकतीवर मी तास-सव्वा तासाच्या वर भरत नाही.

दुकानात द्यायचा पर्यायही आहे. आमच्या शेजाऱ्यांनी दिल्या, तर तीन तास एका चकतीवर कोंबून आले आणि मूळ फाइल मिळालीच नाही. द्यायच्याच असतील तर आधीच सांगा: डीव्हीडी नंतर, आधी मूळ फाइल हार्ड डिस्कवर.

व्हीएचएस किंवा हाय-८ अशी जुनी अ‍ॅनालॉग कॅसेट असेल तर मात्र वाद जवळजवळ मिटतो. तिथे यंत्राला फायरवायर नसतं, बहुतेक वेळा डाँगलच घ्यावा लागतो. एक अपवाद: सोनीच्या काही डिजिटल-८ कॅमेऱ्यांत हाय-८ कॅसेट चालते आणि तिचं चित्र फायरवायरने बाहेर येतं. असा कॅमेरा कुणाच्या माळ्यावर सापडला तर उसना आणा. डाँगलनेच करणार असाल तर निदान कॅसेटचं शेवटचं टोक तपासा. मी सुरुवात तपासली होती.

चारही कॅसेटी पुन्हा ओढल्या. आईने नवी चकती लावली, मंगलाष्टकांपर्यंत गप्प बसली, ‘सावधान’वर अक्षता पडल्या, आणि मग म्हणाली, ‘त्या खांबामागे उभा आहे तो तूच ना? जेवायला जायची घाई झालेली दिसतेय.’