स्लॅबला पाणी मारल्याचं बिल भरलं, पाणी कुठेच नव्हतं

गोव्यात मांद्रेला आमचं जुनं चिऱ्याचं घर, त्याच्या मागे तीन खोल्या आणि व्हरांडा वाढवून वर स्लॅब घातला, साधारण 1,000 स्क्वेअर फूट. मी वेर्ण्याला कंपनीत शिफ्टमध्ये, घरी येणार फक्त रविवारी, आणि बाबांचे गुडघे असे की शिडी चढायचं नावच नको. म्हणजे वर जाऊन बघणारं कोणी नाही हे ठेकेदाराला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

एप्रिलचा शेवट, ऊन मरणाचं आणि त्यात समुद्राचा वारा. ठेकेदार म्हणाला घरच्या विहिरीचं पाणी खारट लागतंय, ते नको, सळी गंजणार, टँकर मागवूया. हे खरंच होतं हो, म्हणून तर पुढचं सगळं पटलं. मग म्हणे नुसतं पाणी मारायचे दिवस गेले, मी क्युरिंग कंपाउंड (स्लॅबमधली ओल आत कोंडून ठेवणारं रसायन) मारतो आणि वर गोणपाट पण घालतो, डबल सेफ्टी. मी म्हटलं बघा तुम्ही, तर म्हणतो, "कांय भिऊं नाका, हांव पळयतां." म्हणजे काही घाबरू नका, मी बघतो. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो यायचा, ओलं गोणपाट, मस्त भिजलेला स्लॅब. मी कंपनीच्या कँटीनमध्ये बसून फोटो बघायचो आणि तिथूनच पैसे सोडायचो, गाढव कुठचा.

चौथ्या दिवशी कुणाशी तरी शिफ्ट बदलली आणि न सांगता घरी गेलो. वर चढलो तर स्लॅब पांढराशुभ्र, चतुर्थीला भिंतीला चुना काढतात तसा, आणि कोरडा ठणठणीत. गोणपाटाचा गठ्ठा खाली माडाच्या बुंध्याशी, सुतळीसुद्धा सोडलेली नाही. बोट घासलं तर खडूसारखी भुकटी हाताला लागली. बाटलीतलं पाणी ओतलं तर घोट घेतल्यासारखं आत गेलं, डाग पडला आणि संपलं. मेणाचं खरं कंपाउंड पातळ थर धरतं, पाणी असं शोषू देत नाही, आणि ते मारायचं वर आलेल्या पाण्याची चकाकी गेली की लगेच. यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी मारलेलं, शेजारच्या मावशींनी बघितलं होतं. तोवर बारीक भेगांचं जाळं पडून झालं होतं. आणि ते फोटो? नीट झूम करून बघितलं तर मागे डोंगर, काजूची झाडं. आमच्या मागे डोंगर नाहीच, माड आणि एक ट्रान्सफॉर्मर आहे.

बिल काढलं मग. कंपाउंड 20 लिटरचे पाच कॅन, म्हणजे 100 लिटर. एका लिटरमध्ये साधारण चार-पाच चौरस मीटर होतं, आमचा स्लॅब 93 चौरस मीटर, म्हणजे 20-25 लिटर पुरे, बाकीचं काय प्यायले की काय. टँकर सहा लावलेले, टँकरवाला गावातलाच, तो बाबांना म्हणाला मी दोनच ओतले.

ठेकेदाराशी भांडलो तर म्हणतो, "पावसात आपोआप पाणी पितो स्लॅब." पाऊस जूनमध्ये, भावा! आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवायला सांगितलंय, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 10, आणि उन्हाळ्यात 14 पर्यंत न्या म्हणतात. आमचे पहिले चार दिवस, जे सगळ्यात महत्त्वाचे, तेच कोरडे गेले.

त्याच संध्याकाळी मी आणि चुलतभावाने सिमेंट-वाळूचे वाफे घातले, चांगलं पाणी विकत घेऊन दोन आठवडे तळं ठेवलं. महिन्याने ओळखीच्या इंजिनिअरने हॅमर टेस्ट केली, म्हणजे स्प्रिंगच्या हातोड्याने ठोकून पृष्ठभाग किती टणक ते बघितलं, तो म्हणाला आत ठीक असेल पण वरचा एक-दीड इंच कमजोर वाटतोय, आणि सळीला वाचवणारं कव्हर तेच, समुद्राजवळच्या घरात तेच लवकर झिरपतं. जूनमध्ये दोन ठिकाणी टपटप सुरू झालं. वॉटरप्रूफिंगचा खर्च वेगळा. एक गोष्ट मात्र गंमतीची, खरं मेणाचं कंपाउंड असतं तर वॉटरप्रूफिंगचा थर चिकटावा म्हणून आधी ते घासून काढावं लागलं असतं, चुना नुसत्या झाडूने निघाला.

पैसे परत नाही मिळाले, शेवटचा हप्ता तेवढा दिला नाही. माझं एवढंच म्हणणं, वर चढणारं घरचं कोणी नसेल तर शेजाऱ्याला सांगा, आणि फोटो नको, व्हिडिओ कॉल करा, त्यात तुमचंच झाड दिसायला हवं. कॅनचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. पाणी मारायची मजुरी वेगळी ठेवा आणि ती चौदाव्या दिवशीच द्या.

गेल्या आठवड्यात हरमलच्या एका ओळखीच्याने विचारलं, कसा आहे रे हा माणूस, काम चांगलं दिसतंय, आणि ठेकेदाराने पाठवलेला फोटो दाखवला. ओलं गोणपाट, मागे डोंगर, काजूची झाडं.