बोरू की आयपॅड? देवनागरी लेटरिंग करताना मला काय जमतं
पुस्तकाचं कव्हर असो की लग्नपत्रिका, अक्षरं आधी बोरूने (टोक कापलेल्या काडीच्या लेखणीने) काढायची की थेट आयपॅडवर, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. बोरूचं टोक देवनागरीसाठी इंग्रजीच्या उलट्या बाजूला तिरकं कापावं लागतं, आणि ते नीट कापलं गेलं की 'क्ष'च्या वळणात जाड-बारीक आपोआप येतं, शाई संपत आली की रेघ फाटते आणि तो खरखरीतपणा मला फार आवडतो, तो कुठल्याच ब्रशमध्ये तसाच्या तसा मिळाला नाही.

आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये अन्डू आहे, रंग चटकन बदलतात, क्लायंटने रात्री करेक्शन पाठवलं तरी चालतं. पण फाइल पिक्सेलची, ए३ कागदाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, त्याच्या बरंच पुढे मोठं केलं की कडा फुटतात. आणि कॅनव्हास मोठा घेतला की लेयर (एकावर एक ठेवायचे चित्राचे थर) कमी मिळतात.

सुरुवातीला माझी अक्षरं अगदी गुळगुळीत, फॉन्टसारखी यायची. वर्षभर रोज एक पान बोरूने गिरवल्यावर शिरोरेषा जरा हलायला लागली, आता लोक त्यावरूनच माझं काम ओळखतात. पत्रिकेला आयपॅड पुरतो, घाई असते. कव्हरला मात्र मी बोरूच घेते, मग स्कॅन करून इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांचे आकार, जे मोठे केले तरी फुटत नाहीत, तेही कडा फार साफ न करता.